दुसऱ्या वाढदिवसाला गोष्टीतला खाऊ

पत्राचा सारांश: ठाण्याच्या एका वाचक आईचा मुलगा एप्रिलअखेरीस दोन वर्षांचा होतोय. सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी पाच ते आठ असा कार्यक्रम आहे. साठेक माणसं येतील आणि त्यात पंधरा मुलं, काही रांगणारी, काही सात-आठ वर्षांची. थीम ‘गोष्टीचं पुस्तक’ ठरली आहे. केटररने पॅकेज दिलं आहे: फाँडंटचा (साखरेच्या मऊ लगद्याचा) किल्ल्याचा केक, निळी ‘जलपरी’ जेली, टूथपिक टोचून केलेली ससा-सँडविच, रंगीत पॉपकॉर्न आणि चॉकलेटचं कारंजं. नवऱ्याला खर्च जास्त वाटतो. सासूबाई म्हणतात, घारगे आणि मसालेभात करू, मुलाचं औक्षण करू, झालं. आईला वाटतं, शेजारच्या वाढदिवसानंतर एवढं साधं केलं तर लोक काय म्हणतील. शिवाय मुलगा जेवायला फार त्रास देतो, खाऊ गोष्टीसारखा दिसला तर निदान त्या दिवशी तरी खाईल. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘त्याला रोज रात्री आजीकडून म्हातारी आणि भोपळ्याचीच गोष्ट लागते, पण आता ती कोण वाढदिवसाला ठेवतं? इंग्रजी पुस्तकातली कुठली गोष्ट घ्यावी ते सुचवाल का?’

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मी शेवटच्या ओळीपाशी थांबले. इंग्रजी पुस्तकाचं नाव मी सुचवणार नाही, कारण तुमच्या मुलाने गोष्ट आधीच निवडली आहे आणि ती तुम्ही स्वतःच मला सांगितली आहे.

दोन वर्षांच्या मुलाला गोष्ट कशी कळते ते बघा. किल्ला, जलपरी, जादूचं जंगल हे सगळं त्याच्यासाठी नुसते आकार आहेत. त्याला कळतो तो आवाज, ठरलेल्या जागी येणारा तोच तोच शब्द आणि पुढे काय होणार हे माहीत असण्याचा आनंद. आजी ‘चल रे भोपळ्या’ म्हणून थांबली की ‘टुणूक टुणूक’ हे त्याने म्हणायचं असतं. ते त्याचं काम आहे आणि ते त्याला येतं. हॉलमध्ये साठ अनोळखी चेहरे, मोठ्याने गाणी, फुगे, कॅमेरे असताना त्याच्या ओळखीचं एखादं तरी काही असावं असं मला मनापासून वाटतं. पुस्तकातला किल्ला पाहुण्यांना ओळखता येईल, त्याला नाही.

गोष्ट जुनाट वाटेल ही भीती मला पटत नाही. येणाऱ्या पाहुण्यांपैकी बहुतेकांनी ती लहानपणी ऐकलेली असणार. साठ माणसांना पहिल्या ओळीपासून ठाऊक असलेली गोष्ट हाताशी असताना, अर्ध्या लोकांना फलक वाचून समजून घ्यावी लागेल अशी गोष्ट कशाला शोधायची?

आता खाण्याचं. थीमचा खाऊ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आकार येतो: सशाचे कान, किल्ल्याचे बुरूज, पऱ्यांच्या कांड्या. पदार्थ कुठलाही घ्यायचा आणि त्याला गोष्टीचा चेहरा चिकटवायचा. मग तो चेहरा टिकवण्यासाठी रंग, टूथपिक, साखरेचे थर असं सगळं येतं आणि चव शेवटी उरते. मला उलटी वाट जास्त आवडते. ज्या गोष्टीत खाणं आधीपासूनच आहे ती गोष्ट घ्यावी, म्हणजे पदार्थाला सोंग आणावं लागत नाही.

म्हातारी वाघाला काय सांगते? लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा. आणि परत येते ती भोपळ्यात बसून. तूप-रोटी आणि भोपळा! सासूबाई म्हणतात ते घारगे लाल भोपळ्याचेच असतात ना? तुम्ही ज्याला ‘एवढं साधं’ म्हणता आहात, तोच तुमच्या थीमचा मुख्य पदार्थ आहे. घरात दोन बाजू पडल्या आहेत असं तुमच्या पत्रावरून वाटतं, पण मला तरी तुम्हा दोघींचा बेत एकच दिसतो. तुम्हाला गोष्ट हवी आहे, त्यांना घारगे हवे आहेत. फक्त कुणीतरी दोन्ही एका टेबलावर मांडायला हवेत.

घारग्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इतर वाचकांनाही उपयोग होईल. दोन वाट्या भोपळ्याच्या किसाला साधारण वाटीभर गूळ घेतात; लहान मुलांसाठी पाऊण वाटी पुरे. कीस थोड्या तुपावर परतून मऊ झाला की गूळ घालायचा आणि तो विरघळला की गॅस बंद करायचा. गूळ विरघळल्यावरही शिजवत राहिलं तर पाक होतो आणि घारगे कडक होतात. मग चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ, चमचाभर तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक. पाणी अजिबात घालायचं नाही. भोपळ्याला सुटलेलं पाणी पुरतं. पीठ तासभर झाकून ठेवलं की थापायला सोपं जातं. मुलांसाठी पेढ्याएवढे छोटे थापा, कडा जाड ठेवू नका, मध्यम आचेवर तळा. यातली सोय अशी की घारगे दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागतात आणि बाहेर दोन दिवस सहज टिकतात. म्हणजे ते आदल्या दिवशीच करून ठेवायचे आणि वाढदिवसाच्या दिवशी कढईपाशी कुणी उभं राहायचं नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट लिहिते. साठ माणसांचे, प्रत्येकी दोन धरले तर जवळपास सव्वाशे घारगे सासूबाईंनी आणि तुम्ही तळत बसायचं नाही. हौसेपोटी घरचं करायचं ठरतं आणि मग कार्यक्रमाच्या दिवशी घरातल्या बायका स्वयंपाकघरातच अडकतात, फोटोत दिसतात त्या घामाघूम. तुमच्या भागात घारगे, पुरणपोळ्या, थालीपिठं करून देणारा महिला बचत गट किंवा एखाद्या काकू नक्की असतील. त्यांना आठवडाभर आधी सांगा आणि छोटा आकार ठरवून द्या. सासूबाईंनी घरी फक्त औक्षणाच्या ताटापुरते करावेत.

तूप-रोटीसाठी वेगळं काही शोधू नका. मऊ पोळीला तूप लावून, त्यावर किसलेला गूळ भुरभुरून घट्ट गुंडाळी करायची आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे. दोन वर्षांच्या हातात हे नीट मावतं आणि सांडत नाही. मोठ्यांना मसालेभात, भोपळ्याचं दह्यातलं भरीत, काकडीची कोशिंबीर आणि मठ्ठा. एप्रिलमध्ये हापूस बाजारात असतोच. घारग्यांसोबत वाटीभर आमरस असला तर दुसऱ्या गोडाची कुणाला आठवणही येणार नाही.

चेहरा असलेला एखादा पदार्थ हवाच असेल तर एकच ठेवा, आणि तो वाघोबाचा. उत्तप्याच्या पिठात गाजराची प्युरी आणि थोडी हळद घालून तळहाताएवढे उत्तपे काढा. छान केशरी होतात. वर खजूर-चिंचेच्या घट्ट चटणीचे पट्टे ओढायचे. हे पट्टे तुम्ही ओढू नका! सात-आठ वर्षांच्या मुलांना एका टेबलाशी बसवून छोटे चमचे द्या आणि त्यांचा वाघ त्यांनाच करू द्या. अशा वाढदिवसांत मोठ्या मुलांकडे कुणाचं लक्ष नसतं. त्यांना काहीतरी करायला मिळालं की ती रमतात. याच मुलांसाठी निळा रंगही आणता येईल. गोकर्णाची सुकलेली फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी गडद निळं होतं आणि त्यात लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळं होतं. थोडी साखर घालून गार करा, लिंबू मुलांच्या हातात द्या. जलपरीच्या जेलीपेक्षा ही जादू त्यांच्या जास्त लक्षात राहील.

रंगांवरून केटररच्या यादीकडे येते. आपल्याकडे खाद्यपदार्थांत आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि त्यांनाही मर्यादा आहे. अडचण होते ती मोजमाप न करता ओतलेल्या किंवा मुळात खाण्याच्याच नसलेल्या रंगांमुळे. २०२४ मध्ये तमिळनाडूत ‘म्हातारीच्या केसां’त ऱ्होडामाइन-बी हा कपड्यांना वापरायचा रंग सापडला आणि तिथे कॉटन कँडीच्या, म्हणजे या ‘केसां’च्या, विक्रीवर बंदी आली, पाठोपाठ कर्नाटकाने रंगीत कॉटन कँडीवर बंदी घातली. म्हणून केटररला सरळ विचारा: कुठला रंग वापरता, डबी दाखवाल का, तुमचा चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक काय? चांगला केटरर या प्रश्नांनी दुखावला जात नाही. घरी रंग करायचे तर गाजर, हळद, बीट आणि पालक पुरतात. बीटाचा रंग जास्त वेळ शिजवला की तपकिरी पडतो, म्हणून तो शेवटी घालायचा. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकला तर हिरवा राहतो.

टूथपिकचं मात्र अजिबात चालवून घेऊ नका. ससा-सँडविचचे कान टोचलेल्या काडीवर उभे असतात, फाँडंटच्या बाहुल्यांच्या आतही पुष्कळदा काडी किंवा तार असते, आणि दोन वर्षांचं मूल आधी तोंडात घालतं, मग बघतं. पॉपकॉर्न चार वर्षांच्या आतल्या मुलांसाठी नकोच. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे गोल काप आणि कडक गोळ्या यांचंही तेच. घास श्वासनलिकेत अडकण्याची भीती खरी असते आणि गर्दीत ते चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. द्राक्षं ठेवायचीच असतील तर उभी चिरून चार फोडी करा. रांगणाऱ्या पाहुण्यांपैकी कुणी वर्षाच्या आतलं असेल तर मधाचा थेंबही चाटवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या बाळांना साखर-मीठ जास्त असलेले पदार्थ आणि गोड पेयं देऊ नयेत. तेव्हा त्यांच्यासाठी मऊ वरण-भात, केळं आणि वाफवलेल्या भोपळ्याच्या फोडी वेगळ्या काढून ठेवा. कुणाला अॅलर्जी असू शकते, म्हणून शेंगदाणे, काजू, दूध ज्या पदार्थांत आहे त्यांच्यापुढे तशी चिठ्ठी लावा. चॉकलेटच्या कारंज्याचं एका ओळीत सांगते: पंधरा मुलांचे हात त्यात वारंवार जाणार आहेत.

एप्रिलचा उकाडा विसरू नका. दही, पनीर, क्रीम असलेलं काही टेबलावर तासाभरापेक्षा जास्त वेळ उघडं राहू नये. भरीत आणि मठ्ठा थोडा थोडा बाहेर काढा, बाकीचा बर्फात ठेवा. किल्ल्याच्या केकमध्ये आत क्रीम असेल तर तोही याच कारणासाठी मला नको वाटतो. त्याऐवजी कळ्या-कळ्यांच्या, मधे भोक असलेल्या साच्यातला साधा रव्याचा किंवा गाजराचा केक सांगा. उलटा काढला की तो भोपळ्यासारखाच दिसतो. मधल्या भोकात भोपळ्याचा खरा देठ स्वच्छ धुऊन उभा केला की झालं. केक कापायच्या आधी देठ काढायचा, एवढं लक्षात ठेवा.

आता तुमच्या मनातली सगळ्यात नाजूक आशा: खाऊ सुंदर दिसला तर तो खाईल. मला भीती वाटते की नाही खाणार. दोन ते सहा वर्षांच्या वयात अनोळखी पदार्थांना नकार देणं अगदी नेहमीचं आहे आणि नवी चव स्वीकारायला मुलाला ती आठ-दहा वेळा, निवांतपणे, जबरदस्ती न होता भेटावी लागते. वाढदिवसाच्या गोंगाटात यातलं काहीच नसतं. म्हणून त्याला चार वाजता घरीच, नेहमीच्या वाटीत, नेहमीचं जेवण देऊन आणा. हॉलमध्ये त्याने एक घारगा चाटून टाकून दिला तरी चालेल. ‘बघा, खातच नाही हा’ असं त्याच्यासमोर कुणी म्हणू लागलं तर विषय बदला. त्याच्या खाण्यासाठी खरं काम करायचं आहे ते आजपासून वाढदिवसापर्यंतच्या दिवसांत. बाजारातून लाल भोपळा त्याला घेऊन आणा. त्याला तो ढकलू द्या, थोपटू द्या, कापल्यावर आतल्या बिया दाखवा. एखाद्या दिवशी भोपळ्याची फोड ताटात ठेवा आणि काही बोलू नका. आपल्याकडे ‘एक घास चिऊचा, एक घास काऊचा’ म्हणत पिढ्यान्‌पिढ्या मुलं जेवली आहेत. गोष्ट आणि घास यांची सांगड आपल्याला नवी नाही, फक्त ती रोजच्या ताटातली आहे.

खर्चाचं म्हणाल तर पूर्ण पॅकेज घेणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. दोघंही नोकरी करत असाल, हाताशी माणसं नसतील, तर केटररचा आधार मोलाचा असतो. त्याच्याकडून मसालेभात, भरीत, मठ्ठा, वाढपी आणि आवराआवर एवढं घ्या. यादीतून कारंजं, जेली, पॉपकॉर्न, टूथपिकवाली सँडविच आणि फाँडंटचा केक काढायला सांगा. घारगे बचत गटाकडून, उत्तप्याचं पीठ घरचं. यजमानांचाही बहुधा याला विरोध राहणार नाही. सजावटीसाठी तीन-चार किलोचा एक अख्खा भोपळा दाराशी ठेवा आणि आणखी एक-दोन जमिनीवर, मुलांना लोळवायला. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या भाजीत जातील.

लोक काय म्हणतील, याचं उत्तर माझ्याकडे नाही. काही जण म्हणतीलही. पण शेजारच्या वाढदिवसाबद्दल तुम्ही इतकं लिहिलंत, त्यात तिथल्या जेवणाच्या चवीबद्दल एक शब्द नव्हता, हे मला जाणवलं.

डोहाळजेवणासाठी असंच काही शोधणाऱ्या दोघी-तिघींची पत्रं आली आहेत, त्यांच्यासाठीही थोडं. डोहाळजेवणात थीम आपल्याकडे पूर्वीपासून आहे: चांदण्यातलं, बागेतलं, होडीतलं. त्यात गोष्ट आणायची तर चिऊ-काऊच्या खिचडीची आणा. काऊने डाळीचा दाणा आणला, चिऊने तांदळाचा. तुपाची धार सोडलेली गरम मुगाची खिचडी, पापड, कढी आणि लिंबाचं लोणचं. पोटुशीला हेच सोसवतं. पेढा की बर्फी हा झाकलेल्या वाट्यांचा खेळ ठेवलात तरी त्यावरून मुलगा-मुलगी ओळखू नका. दोन्ही वाट्यांत दोन्ही ठेवा. आणि बाळ झाल्यावर बोरन्हाण कराल तेव्हा लक्षात असू द्या, बोरं, हरभरे आणि गोळ्या डोक्यावरून ओतल्या की बाळ त्यातलंच काहीतरी उचलून तोंडात घालतं. चुरमुऱ्यांवर भर द्या आणि एक मोठं माणूस पूर्ण वेळ बाळापाशी बसवा.

परदेशातल्या वाचकांनी विचारण्याआधीच सांगते: लाल भोपळा मिळाला नाही तर बटरनट स्क्वॉश चालतो. डब्यातली भोपळ्याची प्युरी वापरलीत तर ती पातळ असते. आधी कढईत आटवून घ्या, नाहीतर कणीक घालत राहाल आणि घारगे चिवट होतील.

कार्यक्रमाचा क्रमही लिहून ठेवते. पाच वाजता औक्षण, तेव्हा मूल ताजंतवानं असतं. सव्वापाचला सगळी मुलं सतरंजीवर, मध्ये भोपळा, आणि गोष्ट आजीने सांगायची. त्यांना माइक देऊ नका, आवाज ओळखीचा राहू द्या. मोठ्यांनी दहा मिनिटं गाणी बंद ठेवावीत. ‘टुणूक टुणूक’ सगळ्यांनी मिळून म्हणायचं, पण पहिल्यांदा फक्त त्याची वाट बघायची. तो लाजला, तुमच्या कुशीत शिरला तर आजीने पुढे जावं. मग केक, मग खाऊ, मोठ्या मुलांचे वाघ. सातच्या सुमाराला तो पेंगायला लागेल, तेव्हा तुमच्यापैकी एकाने त्याला घेऊन घरी जावं आणि दुसऱ्याने पाहुण्यांचं बघावं. कोण जाणार हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.